संधिवाताची गोळी आणि पावसाळी खोकला: कोकणातल्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट नावाची गोळी सुरू होऊन पाच महिने झाले होते. बोटांची सूज उतरली होती, सकाळचा चहाचा कप ती एका हातानं उचलायला लागली होती आणि घरात सगळे त्या गोळीवर खूश होतो. जुलैत तिला खोकला सुरू झाला. कफ नाही, नाक वाहत नाही, नुसता कोरडा ठसका. "पावसाळी खोकलो तो, जातलो," असं ती म्हणाली. आम्हालाही ते पटलं, कारण मिरग लागला की आमच्याकडे निम्मं गाव खोकत असतं. पुढच्या अडीच आठवड्यांत खोकल्याच्या दोन बाटल्या आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. मग एका तिन्हीसांजेला ती तुळशीपुढे दिवा लावून आली, पडवीच्या तीन पायऱ्या चढली आणि शेवटच्या पायरीवरच बसली. "गो, माका धाप लागता," एवढंच म्हणाली. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडून होता. सेल बदलून बोटाला लावला. आकडा आला ८८.

सांध्यांचे डॉक्टर घाटावर, खोकल्याचे डॉक्टर गावच्या बाजारात. सांध्यांच्या डॉक्टरांना खोकल्याची खबर नव्हती आणि खोकल्याच्या डॉक्टरांना गोळीची. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली माणसं फक्त आमच्या घरात होती आणि आम्हीच त्या एकमेकींना जोडल्या नाहीत. आईला झाली होती ती मेथोट्रेक्झेटमुळे आलेली फुफ्फुसांची सूज. वेळ थोडी होती, पण ती बरी झाली.

मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. आईच्या आजारपणात डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, नंतर बरंच वाचलं आणि त्यातून जे समजलं ते घरातल्या माणसाला करता येईल अशा क्रमानं इथं मांडते आहे. औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचाच. पण त्या निर्णयासाठी लागणारी माहिती वेळेवर त्यांच्यापुढे ठेवणं आपल्या हातात आहे.

आधी एक गोष्ट: गोळी शत्रू नाही

हे वाचून कुणी घाबरून औषध बंद करू नये. मेथोट्रेक्झेट आणि त्याच्या आधीचं अ‍ॅमिनोप्टेरिन ही औषधं १९४० च्या दशकात अमेरिकेत ज्या चमूनं तयार केली, त्याचे प्रमुख होते आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव. सुरुवातीला ती रक्ताच्या कर्करोगावर वापरली गेली. संधिवातासाठी मेथोट्रेक्झेटला अमेरिकेत १९८८ मध्ये रीतसर मान्यता मिळाली. आज आमवातावर, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्यावर, जगभर बहुतेक वेळा पहिलं औषध हेच देतात. त्यानं असंख्य माणसांचे हात वाकडे होण्यापासून वाचले आहेत. फुफ्फुसाला इजा होते ती घेणाऱ्या शंभरातल्या एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना. पण ज्याला होते त्याच्या बाबतीत दोनचार दिवसांनीही फार फरक पडतो, म्हणून हा लेख.

पायरी १: डब्यातल्या गोळ्यांची नावं वाचा

स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत कंपनीनं दिलेलं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव. आपल्याला हवं ते बारीक अक्षरांतलं. चष्मा लावून, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून वाचा आणि वहीत उतरवून ठेवा.

पुढच्यांपैकी एखादं नाव दिसलं, तर घरातलं ते माणूस प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेतं आहे असं समजा: मेथोट्रेक्झेट, लेफ्लुनोमाइड, अझाथायोप्रिन, सायक्लोफॉस्फमाइड, मायकोफेनोलेट, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, सिरोलिमस, एव्हरोलिमस, टोफॅसिटिनिब, प्रेडनिसोलोन. इंजेक्शनांमध्ये अडॅलिमुमॅब, इटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब, रिटुक्सिमॅब. ही औषधं फक्त सांध्यांसाठी नसतात. सोरायसिस, ल्युपस, आतड्यांची सूज, किडनी बदललेले रुग्ण, सगळीकडे ती चालतात.

फुफ्फुसाला त्रास दोन वाटांनी होतो. पहिल्या वाटेत औषधामुळेच फुफ्फुसाच्या जाळीला सूज येते. मेथोट्रेक्झेट, लेफ्लुनोमाइड, सिरोलिमस आणि एव्हरोलिमस ही यासाठी जास्त माहितीतली. दुसऱ्या वाटेत औषध फुफ्फुसाला हात लावत नाही, पण पहारा कमी करतं आणि जंतू आत शिरतात. अडॅलिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅबसारख्या इंजेक्शनांनी जुना दबलेला टीबी उठतो तो असा. बाहेरून दोन्हींत खोकला, ताप आणि धापच दिसते. उपचार मात्र अगदी उलटे: एकात सूज दाबायची, दुसऱ्यात जंतू मारायचे. म्हणून घरी बसून "हे गोळीमुळेच" किंवा "हे जंतूमुळेच" असं कुणी ठरवू नये.

मेथोट्रेक्झेट घरात असेल तर आणखी एक काम आजच करा. ही गोळी संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या एकाच वारी. सोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिलेली असते, ती वेगळ्या दिवशी. मेथोट्रेक्झेटच्या काही ब्रँडांच्या नावातच "फोलि" हा उच्चार येतो आणि दोन्ही गोळ्या पिवळ्याही असू शकतात. या घोटाळ्यात कुणी मेथोट्रेक्झेट रोज घेतलं, तर तोंडभर फोड येतात, रक्तातल्या पेशी झपाट्यानं उतरतात आणि जीवही जाऊ शकतो. आमच्याकडे आता मेथोट्रेक्झेटचा वार स्ट्रिपवर जाड पेनानं लिहायचा आणि ती स्ट्रिप रोजच्या डब्यात ठेवायचीच नाही, असा नियम आहे. आईची गोळी बंद झाली, पण आमच्या काकूंची चालू आहे. त्यांच्या स्ट्रिपवर "फक्त रविवार" असं लिहिलेलं आहे.

फॉलिक अ‍ॅसिड घेत असलो म्हणजे फुफ्फुसही सुरक्षित, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. आमचीही होती. त्या गोळीनं तोंडाचे फोड, मळमळ, यकृताचा त्रास कमी होतो. फुफ्फुसाची सूज तिनं टळत नाही. आणि डोस कमी आहे म्हणूनही निश्चिंत होता येत नाही. आठवड्याला साडेसात मिलिग्रॅमवरही हा त्रास झालेले लोक आहेत.

पायरी २: सुरुवातीचा एक्स-रे जपून ठेवा

औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे, रक्तातल्या पेशी, किडनी आणि यकृत एवढ्या तपासण्या होतात. झाल्या नसतील तर डॉक्टरांना आठवण करा. तो पहिला एक्स-रे म्हणजे फुफ्फुसाचा सातबारा. पुढे काही डाग दिसला तर तो आधीपासूनचा की नवा, याचा पुरावा त्यातच असतो. फिल्म पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात, त्यांना बुरशी धरते. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत कोरड्या जागी ठेवा आणि उजेडाकडे धरून मोबाइलवर एक फोटोही काढून ठेवा.

वय साठीच्या पुढे, मधुमेह, किडनी थोडी कमजोर, रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी, आधीपासून फुफ्फुसाचा आजार, यांतलं काही असेल तर धोका जास्त. आमवात स्वतःही फुफ्फुसात उतरू शकतो, हे मला फार उशिरा कळलं. ज्यांची चाळीस वर्षं चुलीपुढे गेली किंवा चिरेखाणीच्या धुळीत गेली, त्यांनी हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. "काही व्यसन?" असा प्रश्न येतो, "चूल?" असा प्रश्न सहसा येत नाही.

फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जंतू) यांच्या लशींबद्दल याच भेटीत विचारून घ्या. जिवंत विषाणूंच्या लशी मात्र या औषधांवर असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

पायरी ३: खोकला कोणता, ते ऐका

औषधाचा खोकला साधारण असा: कोरडा, काही दिवसांत किंवा दोनतीन आठवड्यांत वाढत जाणारा, सोबत बारीक ताप, थकवा, आणि हळूहळू धाप. बहुतेकदा तो औषधाच्या पहिल्या वर्षात येतो, पण नंतरही येऊ शकतो. सगळ्यात महत्त्वाची खूण धाप. ती लपून येते, कारण माणूस नकळत आपली कामं कमी करतो. आई विहिरीवरून दोन कळशांऐवजी एकच आणायला लागली होती, बाजारातून रिक्षानं यायला लागली होती आणि कारण विचारलं की गुडघे दुखतात म्हणायची. तिला स्वतःलाही ते खरं वाटत होतं. म्हणून "धाप लागते का?" असं विचारू नका. "गेल्या महिन्यात न थांबता करत होतीस असं कोणतं काम आता जमत नाही?" असं विचारा.

आपल्या भागात खोकल्याला कारणांचा तोटा नाही, आणि हाच खरा घोळ आहे. एप्रिल-मेमध्ये भाजावळीचा, म्हणजे पेरणीआधी शेत भाजण्याचा धूर, काजू भाजतानाचा धूर. पावसात भिंतींना बुरशी, ओला पेंढा. गणपतीत मुंबईहून आलेल्या माणसांबरोबर आलेली सर्दी. धुराचा खोकला धुरापासून चार दिवस दूर राहिल्यावर बराचसा बसतो. सर्दीचा खोकला घरात दोघाचौघांना असतो, नाक वाहतं आणि आठवड्याभरात उतरायला लागतो. घरात एकट्यालाच कोरडा खोकला असेल, नाक कोरडं असेल आणि आठवडा उलटूनही तो वाढतच असेल, तर तो पावसावर सोडून देऊ नका.

मग लावणीच्या दिवसांतले ताप. चिखलात अनवाणी काम केलेल्या माणसाला ताप आला की लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, मनात यायलाच हवा, आणि लेप्टोनं फुफ्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. डेंगी, मलेरिया, स्क्रब टायफस आहेतच. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडे २०१६ पासून गोचिडीतून येणारा माकडताप आहे. मातीतून येणारा मेलिओइडोसिस हा जंतुसंसर्ग पश्चिम किनाऱ्यावर आढळतो, मधुमेही माणसाला जास्त गाठतो आणि न्यूमोनियासारखाच दिसतो. आणि वर्षभर असतो तो टीबी. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात हे सगळं जास्त वेगानं बळावतं. या गोळ्या घेणाऱ्यांनी लावणीत उतरावं का, हा प्रश्न मी आमच्या डॉक्टरांना विचारला. पायाला चीर किंवा जखम असेल तर अजिबात नाही, एरवीही गमबूट घालून, असं त्यांनी सांगितलं. मला ते पटलं, कारण शेतीच्या घरात "उतरूच नका" हा सल्ला कुणी पाळत नाही.

पायरी ४: बसून एकदा, चालून एकदा

ऑक्सिमीटर लावायची रीत साधी आहे, पण चुका ठरलेल्या. नखाला रंग नको. हात गार असेल तर चोळून गरम करा. पाच मिनिटं शांत बसा, मधलं बोट आत घाला, हात स्थिर ठेवा आणि आकडा एक मिनिट स्थिर होऊ द्या. पहिला दिसलेला आकडा लिहू नका.

बसल्या जागेचा आकडा फसवतो, हे मी जीव तोडून सांगते. त्या संध्याकाळच्या आदल्याच दिवशी शेजारच्या ताईंनी आईचा ऑक्सिजन खाटेवर मोजला होता, तो ९५ होता आणि आम्ही निर्धास्त झोपलो होतो. फुफ्फुसाला सूज असताना विश्रांतीत भागतं, चाललं की भागत नाही. म्हणून बसून आकडा घेतल्यावर माणसाला सपाट खळ्यात नेहमीच्या चालीनं सहा मिनिटं चालवा, सोबत कुणीतरी असू द्या, बोटाला ऑक्सिमीटर राहू द्या. गुडघ्यांनी चालणं जमत नसेल, तर खुर्चीवरून एक मिनिट उठबस. धाप वाढली, चक्कर आली किंवा आकडा ९० पर्यंत आला की लगेच थांबवा. बसल्या जागीच ९४ च्या खाली असेल, तर ही परीक्षा घ्यायचीच नाही.

आकड्यांचा अर्थ साधारण असा लावा. बसून ९५ किंवा वर आणि चालूनही तेवढाच राहिला, पण खोकला चालू आहे: एकदोन दिवसांत डॉक्टर. चालल्यावर तीनचार अंकांनी उतरला, किंवा बसूनच ९४-९३: त्याच दिवशी डॉक्टर आणि एक्स-रे. बसून ९२ किंवा त्याखाली, ओठ निळसर, एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, थुंकीत रक्त, माणूस गोंधळल्यासारखं वागतं आहे: वाट न बघता १०८. ज्यांना आधीपासून दम्याचा किंवा जुना फुफ्फुसाचा आजार आहे त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो. म्हणून बरं असतानाचा आकडा वहीत हवा.

पायरी ५: काय थांबवायचं आणि काय मुळीच नाही

मेथोट्रेक्झेट घेणाऱ्याला नवा कोरडा खोकला, धाप किंवा ताप आला, तर येणाऱ्या वाराची गोळी घेऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा. एखाद्या आठवड्याची गोळी चुकल्यानं सांधे लगेच आखडत नाहीत. पण सुजलेल्या फुफ्फुसावर आणखी एक डोस पडणं महाग पडू शकतं. आईनं खोकला चालू असताना दोन रविवारी गोळी घेतली. ती तिच्या हातात मी स्वतः दिली होती. जुलाब-उलट्या होत असतील, अंगातलं पाणी कमी झालं असेल, तेव्हाही ही गोळी थांबवून विचारायचं असतं, कारण ती किडनीवाटे बाहेर पडते आणि किडनी मंदावली की अंगात साठते.

स्टिरॉइडची, म्हणजे प्रेडनिसोलोनची गोळी रोज चालू असेल तर ती आपल्या मनानं एक दिवसही बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. आजारात ती एकदम तोडली तर रक्तदाब कोसळतो.

किडनी किंवा यकृत बदललेल्या माणसानं कोणतंही औषध स्वतःहून थांबवायचं नाही. सिरोलिमस किंवा एव्हरोलिमसनं फुफ्फुसाला सूज आलीच, तर डॉक्टर ते काढून दुसरं देतात आणि बहुतेकदा सूज उतरते. पण मध्ये औषधाविना खंड पडला तर नवा अवयव नाकारला जाऊ शकतो. रात्री दोन वाजताही प्रत्यारोपण केंद्रालाच फोन करा.

लेफ्लुनोमाइडचं वेगळंच आहे. ते बंद केल्यावरही कित्येक महिने अंगात राहतं. ते लवकर बाहेर काढायचं असेल, तर कोलेस्टिरामिन नावाची पावडर काही दिवस देतात. हे औषध दोन वर्षांपूर्वीच बंद झालं असलं, तरी डॉक्टरांना त्याचं नाव सांगा.

आणि मेडिकलमधून आपल्या मनानं काही आणू नका. दोन गोष्टींची भीती मला सगळ्यात जास्त वाटते. एक म्हणजे को-ट्रायमॉक्साझोल ही सल्फाची गोळी. मेथोट्रेक्झेटसोबत ती गेली तर रक्तपेशी धोकादायक उतरू शकतात. दुसरी, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. त्यानं ताप आणि खोकला काही दिवस दबतो आणि डॉक्टर अंधारात राहतात. पुडी घेतली असेल तर लाजू नका, कागदासकट घेऊन जा.

पायरी ६: डॉक्टरांपुढचं पहिलं वाक्य

डॉक्टर दवाखान्यातले असोत, प्राथमिक आरोग्य केंद्रातले असोत की रात्रीच्या कॅज्युअल्टीतले, "खोकला आहे" याच्याही आधी हे वाक्य बोला: "डॉक्टर, आई संधिवातासाठी आठवड्याला १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्झेट घेते, पाच महिने झाले, शेवटची गोळी गेल्या रविवारी घेतली." आपल्या औषधाप्रमाणे आकडे बदला. "वाताची गोळी चालू आहे" एवढं सांगून भागत नाही, त्याचा अर्थ दुखण्याची गोळी असा लावला जातो. आम्ही तेवढंही सांगितलं नव्हतं, डॉक्टरांचा काय दोष?

मग एका कागदावर: खोकला कोणत्या तारखेला सुरू झाला, ताप किती, बसून आणि चालून ऑक्सिजन किती, कोणती अँटिबायोटिक किती दिवस घेतली. शेतात किंवा पुराच्या पाण्यात उतरलो का, घरात कुणाला टीबी होता का. आणि शेवटी सरळ विचारा, "हे औषधामुळे असू शकतं का? छातीचा एक्स-रे काढायचा का?" असं विचारणं म्हणजे डॉक्टरांना शिकवणं नव्हे. माझा अनुभव असा की नीट विचारलं तर बहुतेक डॉक्टर तिथल्या तिथे सांध्यांच्या डॉक्टरांना फोन लावतात. रेंज असेल तर. नसेल तर त्यांचा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या.

पायरी ७: तपासण्या, आणि त्या कशासाठी

औषधाची सूज दाखवणारी एकच अशी तपासणी नाही. जंतूंची शक्यता एकेक करून बाजूला सारायची आणि चित्र जुळतं का बघायचं, असं हे निदान असतं. म्हणूनच इतकी सुयांची टोचणी आणि इतके कागद. हे आधी माहीत असतं तर मी त्या दोन दिवसांत कमी चिडले असते.

एक्स-रे सुरुवातीला जवळपास साफही असू शकतो. धाप आहे आणि एक्स-रे साफ आहे, तर थांबू नका, एचआरसीटी हा फुफ्फुसाचा बारीक काप दाखवणारा स्कॅन करायचा का ते विचारा. आईच्या स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना पांढुरका पडदा होता. पावसात एसटीच्या काचेवर आतून वाफ धरते, पलीकडचं दिसतं पण धूसर, अगदी तसं. रक्तात पेशी, इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), किडनी, यकृत. लेप्टो, डेंगी आणि मलेरियाच्या चाचण्या. कफ निघत असेल तर टीबीसाठी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही चाचणी, जी सरकारी केंद्रांत मोफत होते. कफ निघत नसेल तर कधी दुर्बीण घालून फुफ्फुस धुऊन ते पाणी तपासतात. त्यात न्यूमोसिस्टिस नावाची बुरशीही शोधतात. ती नेमकी अशाच रुग्णांना गाठते आणि स्कॅनमध्ये औषधाच्या सुजेसारखीच दिसते.

पायरी ८: घाट ओलांडण्यापूर्वी

सिंधुदुर्गातली माणसं गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला जातात, राजापूर-लांज्याची रत्नागिरीला किंवा आंबा घाटानं कोल्हापूरला, चिपळूणकडची डेरवणला, रायगडची मुंबईकडे. कुठेही जा, निघण्यापूर्वी तीन फोन करा. तिथे एचआरसीटी आणि छातीचे डॉक्टर आहेत का, खाट आहे का, आणि घाट चालू आहे का. पावसाळ्यात करूळ, भुईबावडा, फोंडा यांतला कोणता घाट कोणत्या दिवशी दरडीनं बंद असेल याचा भरवसा नसतो.

ऑक्सिजन लागत असेल तर खासगी गाडीनं नेऊ नका. रुग्णवाहिकेतला सिलिंडर किती पुरेल, याचा हिशोब स्वतः करा. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ५ लिटर लागत असेल तर तो ५ तास पुरतो, १० लिटर लागला तर अडीच तास. घाटात अडकण्याचा वेळ त्यात धरा. आम्हाला हे रुग्णवाहिकेच्या चालकानंच समजावलं आणि वाटेत एका ग्रामीण रुग्णालयात थांबून सिलिंडर बदलून घेतला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

जुना एक्स-रे, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप आणि वही पिशवीत आहे ना, ते निघताना बघा.

पायरी ९: उपचार आणि त्यानंतर

औषध बंद, गरजेप्रमाणे ऑक्सिजन, आणि जंतुसंसर्गाची शक्यता तपासताना बहुतेकदा अँटिबायोटिकही. सूज औषधाचीच वाटली, तर स्टिरॉइड मोठ्या मात्रेत सुरू करून आठवड्यांमागून आठवडे उतरवत नेतात. आईची धाप चौथ्या दिवशी कमी वाटायला लागली आणि नवव्या दिवशी ती ऑक्सिजनशिवाय बाथरूमपर्यंत गेली. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही. काहींच्या फुफ्फुसात व्रण राहतात, काही दगावतातही. स्टिरॉइडनं साखर चढते, म्हणून मधुमेह नसला तरी घरी साखर तपासा. गोळी उतरवण्याचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडली तर सूज परत येऊ शकते.

मेथोट्रेक्झेटनं फुफ्फुस सुजलं हे एकदा ठरलं की ते औषध पुन्हा सुरू करायचं नाही. पुन्हा दिल्यावर सूज परत आलेले आणि त्यात गेलेले रुग्ण आहेत. सांध्यांसाठी दुसरं औषध डॉक्टर निवडतात. तेव्हा फुफ्फुसाची गोष्ट त्यांना पुन्हा एकदा सांगा, कारण लेफ्लुनोमाइडसारखं औषध अशा माणसाला देताना ते दोनदा विचार करतील. डिस्चार्जच्या कागदावर "मेथोट्रेक्झेटमुळे फुफ्फुसाला इजा, पुन्हा देऊ नये" असं स्पष्ट लिहून मागा. आम्ही ते लाल पेनानं आधार कार्डाच्या पाकिटातल्या चिठ्ठीवरही लिहिलं आहे. आई आता नव्या डॉक्टरांपुढे बसली की आधी ती चिठ्ठीच पुढे करते.

आणखी एक फोन करायचा राहतो, तो बहुतेक जण करत नाहीत. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण किंवा नातेवाईकही सरकारकडे करू शकतात. भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाची मोफत हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे आणि नोंदीचा फॉर्म मराठीतही मिळतो. औषधाचं नाव, बॅच नंबर, तारखा एवढं जवळ ठेवा. रिकामी स्ट्रिप टाकून दिली नसेल तर बॅच नंबर त्यावरच असतो.

घरी आल्यावर पहिले तीन महिने आम्ही दर रविवारी, पूर्वी गोळी ज्या वारी असायची त्याच वारी, खळ्यात सहा मिनिटं चालून आकडा लिहिला. चूल फक्त आंघोळीच्या पाण्यापुरती ठेवली आणि तीही मागच्या पडवीत, तिच्यापासून लांब. भाजावळीच्या दिवसांत आई आठवडाभर मावशीकडे जाऊन राहिली. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन आणि फुंकर मारायची फुफ्फुसाची चाचणी सांगितली होती. वहीतल्या शेवटच्या ओळीत बसून ९७, चालून ९५ असं लिहिलेलं आहे.